फणीच्या आधी मेण

कुंकू कपाळावर आपोआप टिकत नाही. कोरडी पूड नुसती बोटाने लावली तर दुपारपर्यंत नाकाच्या शेंड्यावर उतरते. म्हणून आजीच्या फणेरपेटीत कुंकवाच्या करंड्याशेजारी मेणाची एक चपटी डबी असायची. न्हाऊन आल्यावर ती पेटीचं झाकण उघडून आतला आरसा तिरका उभा करायची, अनामिकेने मेणाचा कण उचलायची, कपाळाच्या मधोमध गोल फिरवायची आणि त्या न दिसणाऱ्या गोलावर कुंकू दाबायची. लोकांना कुंकू दिसे, मेण कुणालाच दिसत नसे. पण दिवसभर चुलीपुढे बसून, पदराने दहादा कपाळ टिपूनही ते कुंकू दिवेलागणीला जागच्या जागी असायचं, ते त्या मेणामुळे.

जगभरच्या माणसांनी केसांसाठी हेच केलं. कुठे चरबी वापरली, कुठे मेण, कुठे जमिनीतून निघालेलं तेल. त्यात वास मिसळला, डबीत भरलं आणि त्याला पोमेड म्हटलं. गेली काही वर्षं आमच्या घरात माझा मुलगा ते वापरतो, त्यामुळे मला ते रोज जवळून पाहायला मिळतं. डबी छोटी, पत्र्याची. थंडीच्या दिवसांत आतला लगदा इतका घट्ट होतो की अंगठ्याच्या नखाने खरवडून काढावा लागतो. वाटाण्याएवढा गोळा तळहातावर घेऊन तो दोन्ही हात एकमेकांवर चोळतो. आधी गुठळ्या जाणवतात, मग त्या विरघळतात, मग तळहात काचेसारखे चमकायला लागतात. तेवढं झाल्यावरच हात केसांत जातो, आणि तोही मागून पुढे, कारण आधी पुढे लावलं तर सगळा थर कपाळावरच्या केसांतच बसतो. शेवटी फणी. फणीच्या दातांच्या रेघा ओल्या वावरात पाभरीने ओढलेल्या काकऱ्यांसारख्या ठसठशीत उमटतात.

या पदार्थाचा मला सगळ्यात आवडणारा गुण म्हणजे तो वाळत नाही. जेलमधलं पाणी उडून जातं आणि मागे एक कडक पापुद्रा उरतो. त्यावर दुपारी फणी फिरवली की पापुद्रा मोडतो आणि खांद्यावर पांढरा भुगा पडतो. जुन्या पद्धतीच्या पोमेडमध्ये उडून जाण्यासारखं काहीच नसतं. सकाळी बसवलेले केस वाऱ्याने विस्कटले तर चार वाजता खिशातली फणी काढून पुन्हा बसवता येतात. केस धरलेले असतात, पण थिजलेले नसतात. या एका गुणासाठी माणसांनी काय काय खटाटोप केले आहेत, हे वाचत गेले आणि त्यात रमले.

अठराव्या शतकातल्या युरोपात डुकराची चरबी आणि मेंढीचं चरबट वितळवून, वारंवार धुऊन, गाळून त्यात लवंग, लिंबाची साल असलं काही घालत आणि ते केसांच्या मुळापासून टोकापर्यंत चोळत. त्यावर पिठाची बारीक पूड उडवत. चित्रांमधून आपल्याला दिसतात ती हीच राखाडी-पांढरी डोकी. चरबी नसेल तर पूड झडून जाईल आणि पूड नसेल तर चरबी ओशट दिसेल. म्हणजे आजीच्या कपाळावर जे होत होतं तेच व्हर्सायच्या महालात डोकीभर होत होतं. त्या काळी केस पाण्याने धुण्याची फारशी रीत नव्हती. पूड तेल आणि मळ शोषून घ्यायची आणि फणीने विंचरताना तो मळ बाहेर यायचा. आज वाचताना अंगावर काटा येतो खरा, पण त्या लोकांना घाणेरडं म्हणून सोडून देणं मला पटत नाही. त्यांच्यापाशी स्वच्छतेची एक पद्धत होती आणि ती बऱ्यापैकी चालत होती.

पूड धान्याची असल्यामुळे ती एक दिवस पोटाशी येऊन भिडणारच होती. 1795 मध्ये इंग्लंडात धान्याची टंचाई होती, पावासाठी दंगे होत होते आणि फ्रान्सशी युद्धही चालू होतं. पंतप्रधान विल्यम पिट यांनी केसांना पूड लावणाऱ्यांवर वर्षाला एक गिनी कर बसवला. अनेकांनी पूड सोडली, केस कापून घेतले. पोमेड मात्र राहिलं. आता त्याच्यावर पांघरूण नव्हतं आणि चकाकी हीच शोभा झाली होती.

या चरबीला वास कसा देत, हा तर या कहाणीतला सर्वांत सुंदर भाग आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला ग्रास नावाचं गाव आहे, अत्तरांचं गाव. तिथे लाकडी चौकटीत बसवलेल्या काचेवर शुद्ध केलेल्या चरबीचा थर पसरत आणि पहाटे खुडलेली जाईची फुलं एकेक करून त्यावर मांडत. काही फुलं खुडली की त्यांचा वास संपतो, पण जाई आणि निशिगंध खुडल्यावरही वास निर्माण करत राहतात. म्हणून त्यांना उकळायचं नसतं, त्यांना चरबीवर निजवायचं असतं. एक दिवस झाला की बायका हातांनी एकेक सुकलेलं फूल उचलून टाकत आणि त्या जागी ताजं फूल ठेवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चरबी जुनीच, फुलं नवी. छत्तीस वेळा फुलं बदललेल्या चरबीला 36 क्रमांकाचं पोमेड म्हणत. हंगामभराची फुलं येऊन गेलेली असत आणि चरबीने प्रत्येक फुलाचं काही ना काही ठेवून घेतलेलं असे. पुढे ती चरबी मद्यार्कात घुसळली की वास मद्यार्कात उतरे, त्याचं अत्तर होई. आणि तशीच डबीत भरली की केसांना लावायचं पोमेड.

हे वाचलं तेव्हा मला मोगरेल आठवलं. उत्तरेत कनौज आणि जौनपूरच्या बाजूला फुलेल, म्हणजे फुलांच्या वासाचं तेल, करण्याची जुनी पद्धत अशीच आहे: तिळाचा थर, त्यावर फुलांचा थर, पुन्हा तीळ. फुलं शिळी झाली की चाळून काढायची, ताजी घालायची. तिळातल्या तेलाने पुरेसा वास पिऊन घेतला की मग तीळ घाण्यात घालायचे. तिथे चरबी, इथे तीळ, पण स्निग्ध पदार्थाला वास धरता येतो हे दोन्हीकडच्यांनी हातांनी शोधून काढलं. पाण्याला ते जमत नाही. विसाव्या शतकात रासायनिक द्रावणांनी वास काढण्याची सोपी, स्वस्त रीत आली आणि ग्रासच्या चौकटी एकेक करून माळ्यावर गेल्या. काम कमी झालं हे चांगलंच झालं, कारण पहाटेपासून फुलं खुडणाऱ्या आणि उचलणाऱ्या त्या बायकांची कंबरदुखी कुणी मोजली नव्हती. तरीही एका फुलासाठी इतका वेळ देणारी दुसरी कुठली कला असेल, असं मनात येतं.

चरबीची खरी अडचण म्हणजे ती खवट होते. वासाची एवढी यातायात होती त्यामागे हेही एक कारण होतं. लंडनच्या न्हाव्यांकडे अस्वलाची चरबी मिळे, कारण अस्वल केसाळ म्हणून त्याची चरबी केस वाढवणार असा भोळा हिशेब होता. मग रोलंड यांचं मकासर तेल आलं. सुलावेसी बेटावरच्या बंदराचं नाव सांगणाऱ्या या तेलाने इंग्लंडातल्या खुर्च्यांच्या पाठी इतक्या डागाळल्या की बायकांनी त्यांवर विणलेले रुमाल घालायला सुरुवात केली. आपल्या सोफ्यांच्या पाठीवरच्या क्रोशाच्या जाळ्या त्याच कुळातल्या. खवटपणा खरा गेला तो रॉबर्ट चेसब्रो यांच्यामुळे. अमेरिकेच्या तेलविहिरींवर यंत्रांना चिकटणारं काळपट मेण मजूर जखमांवर लावतात, हे या तरुण रसायनज्ञाने पाहिलं, ते शुद्ध केलं आणि 1872 मध्ये व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. ना वास, ना रंग आणि वर्षानुवर्षं न बिघडणारं. त्यानंतरचं बहुतेक पोमेड याच पायावर उभं आहे.

आणि याच पायावर सारा ब्रीडलव्ह उभ्या राहिल्या. त्यांचा जन्म 1867 चा, लुइझियानातल्या कापसाच्या मळ्यावरचा. घरातलं गुलामगिरीत न जन्मलेलं पहिलं मूल त्याच. सातव्या वर्षी पोरक्या, विशीत विधवा, पुढे सेंट लुइसमध्ये लोकांचे कपडे धुऊन पोट भरणाऱ्या. टाळूच्या रोगाने त्यांचे केस गळू लागले होते. घरात नळ नाही, सोड्याने भरलेले साबण, पोषण यथातथाच, अशा हजारो कृष्णवर्णीय बायकांची तीच गत होती. 1906 पासून मॅडम सी. जे. वॉकर या नावाने त्यांनी जे मलम विकायला घेतलं त्यात पेट्रोलियम जेली होती आणि टाळूचा रोग बरा करणारा गंधक होता. दारोदार जाऊन विकणाऱ्या हजारो बायकांना त्यांनी शिकवलं, कमावतं केलं. त्या डबीवर आपल्यासारख्याच वर्णाच्या बाईचा चेहरा छापलेला पाहून ती विकत घेणाऱ्या धुणेवालीला काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. 1919 मध्ये त्या वारल्या तेव्हा अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत कृष्णवर्णीय स्त्रियांत त्यांची गणना होत होती.

पुरुषांसाठी शिकागोच्या सी. डी. मरे या न्हाव्याने 1920 च्या दशकात नारिंगी डबीतलं पोमेड काढलं. ते अतिशय घट्ट. लावून, ब्रश फिरवून, रात्री डोक्याला फडकं बांधून निजायचं. असं रोज केलं की आखूड कुरळ्या केसांत पाण्यावरच्यासारख्या लाटा उमटतात. त्याच काळात काही जण केस सरळ करण्यासाठी दाहक सोडा डोक्यावर लावून घेत. कृष्णवर्णीयांचे नेते मॅल्कम एक्स यांनी आत्मचरित्रात पहिल्यांदा तसे केस करून घेतले तेव्हाची आग सांगितली आहे. सोडा लावण्याआधी कान, मान, कपाळ भाजू नये म्हणून त्यावर व्हॅसलीनचा जाड थर दिला होता. पुढे त्यांना त्या केसांची लाज वाटली, गोऱ्यांसारखं दिसण्यासाठी आपण स्वतःला जाळून घेतलं असं वाटलं. सोड्याबद्दलचा त्यांचा राग मला पूर्ण पटतो. पण मरे यांच्या डबीला मी त्या पंक्तीत बसवणार नाही. लाटा काढणारं पोमेड कुरळ्या केसाला कुरळाच ठेवतं. त्याची वळणं मोडत नाही, ती रांगेत लावतं. दिवसभर कुणाच्या तरी हुकमात राबणाऱ्या माणसाने रविवारी सकाळी आरशापुढे तासभर उभं राहून स्वतःच्या डोक्यावर स्वतःचा हुकूम चालवायचा, यात मला मोठी गोष्ट दिसते.

आपल्याकडे पोमेड आलं ते ब्रिलक्रीमच्या रूपाने. 1928 मध्ये बर्मिंगहॅमच्या काउंटी केमिकल्सने ते काढलं. पाणी आणि खनिज तेल एकजीव करून मधमाशीच्या मेणाने ते मिश्रण टिकवलेलं. त्यामुळे घट्ट पोमेडपेक्षा हलकं, पांढरंशुभ्र, बोटाला गार लागणारं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना ब्रिलक्रीम बॉइज म्हणत. मग जाहिरातीत इंग्लंडचा क्रिकेटपटू डेनिस कॉम्प्टन आला आणि पुढे आपला मुंबईचा यष्टिरक्षक फरोख इंजिनीअर. लाल झाकणाची ती बरणी पाहिली की एका पिढीला अजूनही तोच दिसतो.

बाबांच्या कपाटात ती बरणी असायची. आमच्याकडे खोबरेलाची बाटली सगळ्यांची, ब्रिलक्रीम फक्त त्यांचं. भांग डावीकडून, पुढे छोटासा कोंबडा. आधी ओल्या हाताने केस दाबायचे, मग बरणीतून बोटभर क्रीम, मग फणी. कोंबडा चढवताना फणी उलटी धरून डाव्या हाताच्या पंजाने केसांना मागून टेकू द्यायचे आणि श्वास रोखायचे. श्वास सोडला की समजायचं, बसला. ऑफिसला जाताना मागच्या खिशात फणी असायचीच. माझ्या डोळ्यांपुढे बाबा येतात ते अनेकदा असेच: लोकलमधून उतरून, फलाटावरच्या वजनाच्या यंत्राच्या आरशात डोकावून, दोन हात मारून केस सारखे करून, मग घराची वाट धरणारे. दिवसभर ज्यांनी साहेबाचं ऐकलं ते बायकोमुलांपुढे विस्कटलेले यायचे नाहीत. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. आज वाटतं की ती आमच्याविषयीची अदब होती.

खिशातली फणी गेली ती पोमेडच्या मागोमागच. बीटल्सनी केस कपाळावर कोरडे सोडले, जगभरच्या पोरांनी तसेच सोडले, आणि चकाकी ही बापाच्या पिढीची खूण ठरली. नंतर जेल आलं, स्प्रे आला. सकाळी एकदा डोकं घट्ट करून टाकायचं आणि रात्रीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मधल्या वेळी आरशापुढे थांबायचं कारणच उरलं नाही.

पोमेड ज्या एका ठिकाणी कधीच थांबलं नाही ते म्हणजे जपानचे सुमो आखाडे. तिथल्या पोमेडला बिन्त्सुके म्हणतात. हाझे नावाच्या झाडाच्या फळांमधलं मेण, वनस्पती तेल आणि एक गोडसर वास. काबुकीचे नट आणि क्योतोच्या माइको, म्हणजे शिकाऊ गेइशा, चेहऱ्यावर पांढरा रंग चढवण्याआधी असंच मेण तळहातावर वितळवून चेहऱ्याला चोळतात, म्हणजे रंग धरतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वाचता वाचता थांबले आणि फणेरपेटी जिथे ठेवली आहे त्या कपाटाकडे बघत राहिले. एवढ्या दूरवर, एकमेकींना कधीही न भेटलेल्या बायका कपाळावर तोच मेणाचा हात फिरवत होत्या.

1871 मध्ये जपानच्या नव्या सरकारने शेंडीची जुनी रीत सोडायची मुभा देणारा हुकूम काढला आणि काही वर्षांत सामुराईंची डोकी मोकळी झाली. सुमो पैलवानांची शेंडी तेवढी राहिली, आणि ती बांधणारे तोकोयामा राहिले. आखाड्याशी जोडलेला हा न्हावी स्वतःच्या नावाआधी धंद्याची खूण म्हणून 'तोको' लावतो. केस भिजवायचे, गाठी सोडवायच्या, बिन्त्सुकेचा गोळा हातात चोळून मुळांपर्यंत पोचवायचा. मग लाकडी फण्या, एकीमागून एक: जाड दातांची, बारीक दातांची, पुढच्या केसांना बाक देणारी. कागदी दोऱ्याचं एक टोक दातात धरून शेंडी आवळायची. वरच्या दोन विभागांतल्या पैलवानांसाठी शेंडीचं टोक गिंको झाडाच्या पानासारखं पसरवायचं, ते टोकदार सुईने एकेक बट ओढून. हे पान नीट यायला दहा वर्षं लागतात, असं या धंद्यातले लोक सांगतात. कुस्तीत दीडशे किलोंचे दोन देह एकमेकांवर आदळतात, मातीत लोळतात आणि पान विस्कटतं. कडक झालेलं असतं तर ते मोडलं असतं. ते नुसतं विस्कटतं आणि तोकोयामा पुन्हा फणी घेऊन मागे बसतो. टोकियोच्या र्‍योगोकु भागात आगगाडीच्या डब्यात कुणी पैलवान चढला की आधी त्याचा वास चढतो, असं तिथे जाऊन आलेले लोक सांगतात.

पैलवान निवृत्त होतो तेव्हा शेकडो पाहुणे एकेक करून सोनेरी कात्रीने त्याच्या शेंडीचे थोडेसे केस कापतात आणि शेवटची कात्री त्याचा गुरू चालवतो. भरलेल्या आखाड्यात धिप्पाड माणसं त्या क्षणी ढसाढसा रडतात. त्यानंतर त्याला आत नेऊन साधे केस कापतात, भांग पाडतात, सूट चढवतात.

आता एक व्यवहाराची गोष्ट, कारण मला ती बरेच जण विचारतात: हे डोक्यातून काढायचं कसं? जुन्या पद्धतीचं, मेण आणि पेट्रोलियमचं पोमेड पाण्याला दाद देत नाही. त्यावर शाम्पू ओतला तर शाम्पूच वाया जातो. पाण्यात विरघळणारी पोमेड आता मिळतात, पण त्यातली बरीचशी तासाभराने जेलसारखीच कडक होतात, मग पोमेड घ्यायचंच कशाला? मी मुलाला आजीचाच उपाय सांगितला. आधी कोमट खोबरेल भरपूर जिरवायचं, म्हणजे आतलं मेण सैल होतं. दहा मिनिटांनी कोरड्या पंच्याने पुसून घ्यायचं. मग डाळीचं पीठ किंवा शिकेकाई, आणि कढत नव्हे पण चांगलं गरम पाणी. पहिल्या हाताला फेस येत नाही, तो दुसऱ्या हाताला येतो. सगळं निघत नाहीच. थोडं राहतं, आणि राहावं. दुसऱ्या दिवशी त्यावर नवं पोमेड जास्त चांगलं बसतं. उशीचे अभ्रे मात्र वेगळे काढून धुण्याच्या सोड्यात रात्रभर भिजवा.